गव्याची पारख

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल मेळघाटात गेली होती. परतीच्या वाटेवर एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही चहा प्यायला थांबलो. समोरच्या भिंतीवर, ढालीसारख्या सागवानी फळीवर, एका प्रचंड जनावराचे मुंडके बसवलेले होते. काचेचे डोळे, रुंद कपाळ आणि दोन्ही बाजूंना फाकून पुन्हा आत वळलेली शिंगे. एक मित्र म्हणाला, "रेडा आहे." दुसरा म्हणाला, "रानरेडा." सोबतच्या माहितगार गृहस्थांनी सांगितले, "हा गवा. साहेबाच्या काळातला. नमुना फार उत्तम आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या, फोटो काढले आणि आम्ही गाडीत बसलो. माझ्या मनात मात्र एक प्रश्न घर करून राहिला. उत्तम म्हणजे काय? हा गवा उत्तम आणि दुसरा मध्यम, हे साहेबाने बंदूक उचलण्यापूर्वी कशावरून ठरवले असेल?

मी शेलूबाजारच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या गावाच्या नावातच बाजार आहे. जनावर पाहून त्याची पारख करणे हा आमच्याकडे पोटापाण्याचा विषय. त्यामुळे हा प्रश्न मला परका वाटला नाही. सरांनी दोन-तीन इंग्रजी पुस्तके मिळवून दिली. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती वाचली, आणि जे समजले ते आमच्या बांना संध्याकाळी सांगत गेलो. बा शाळेत गेलेले नाहीत. तरीही या लेखातले निम्मे त्यांचे आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

प्रथम नावाचा घोळ निस्तरू. इंग्रज शिकारी गव्याला 'इंडियन बायसन' म्हणत. कॅप्टन जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्याने सातपुड्यात, पचमढीला बांधलेल्या घराचे नावही 'बायसन लॉज' होते. त्याचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले. पण शास्त्राच्या दृष्टीने गवा हा बायसन नव्हेच. खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात आढळतो. त्याच्या मानेवर आयाळीसारखे दाट केस असतात. गवा हा आपल्या गाय-बैलांच्या कुळातला. ईशान्य भारतातील मिथुन हे पाळीव जनावर गव्याचेच माणसाळलेले रूप मानले जाते. रानरेडा तर आणखी वेगळा. तो म्हशीच्या कुळातला, त्याची शिंगे कोयत्यासारखी मागे झुकलेली. महाराष्ट्रात तो गडचिरोली जिल्ह्यातील कोलामार्का भागात उरला आहे. तेव्हा आमच्या व्हरांड्यातले दोन्ही मित्र चुकले होते.

आता मुख्य विषयाकडे वळू. शिकार करून आणलेल्या शिंगांना, मुंडक्याला वा कातड्याला इंग्रजीत 'ट्रॉफी' म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक. शत्रूने ज्या जागी पाठ फिरवली, त्या जागी विजयी सैन्य जे चिन्ह उभारी, त्याचे ते नाव. म्हणजे ट्रॉफी ही मुळात वस्तू नसून 'मी जिंकलो' या वाक्याची खूण आहे. पुढे ही खूण फुटपट्टीने मोजली जाऊ लागली. रोलंड वॉर्ड नावाचा लंडनचा एक व्यावसायिक मेलेल्या प्राण्यांची कातडी कमावून, आत भुसा भरून त्यांना जिवंतपणाचा आकार देई. जगभरच्या शिकारींच्या मापांची त्याची नोंदवही १८९२ साली प्रथम छापली गेली. आपल्याकडे म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांचा कारखाना याच कामासाठी प्रसिद्ध होता.

गव्याची मापे कोणती? शिंगाची बाहेरच्या वळणाने बुडापासून टोकापर्यंतची लांबी, बुडाशी शिंगाचा घेर, आणि दोन्ही शिंगांच्या सर्वांत फाकलेल्या भागांमधले अंतर. गव्याचे शिंग साधारणतः ६० सेंटिमीटरपासून पुढे भरते. क्वचित मीटरभराच्याही वर जाते. मारल्यावर ही मापे घेणे सोपे. पण मारण्यापूर्वी, शंभर पावलांवरून, बांबूच्या बेटात अर्धवट दिसणाऱ्या जनावराची मापे डोळ्यांनीच घ्यावी लागत. त्यासाठी शिकारी काही पायऱ्या पाळत.

पहिली पायरी, नर की मादी? शिंगे दोघांनाही असतात, म्हणून नवखा येथेच फसतो. मादी अंगाने लहान, रंगाने तपकिरी. तिची शिंगे बारीक, कमी फाकलेली आणि टोकाशी जास्त आत वळलेली. पूर्ण वाढलेला नर जवळजवळ काळा असतो. त्याच्या खांद्यापासून निम्म्या पाठीपर्यंत मांसल कणा उठलेला असतो आणि तेथे एकदम पायरी पडल्यासारखा संपतो. खांद्याशी तो पाच-सहा फूट उंच, क्वचित त्याहूनही अधिक, आणि वजनाने एक हजार किलोच्या घरात जाणारा. गुडघ्याखालचे पाय मात्र दोघांचेही पांढुरके, जणू मोजे घातलेले.

दुसरी पायरी, वय. तरुण नराच्या अंगात तपकिरी झाक असते. वयाबरोबर तो काळा होत जातो. अगदी म्हातारा झाला की पाठीवरचे केस विरळ होतात आणि कातडी दिसू लागते. कळपापासून दूर एकटा फिरणारा नर म्हणजे हरलेला म्हातारा, असे जुने शिकारी ठामपणे सांगत. पुढे अभ्यासकांनी महिनोन्महिने जंगलात बसून पाहिले, तेव्हा हे अर्धसत्य निघाले. भरातले नरही वर्षाचा बराच काळ एकटे किंवा दोघे-तिघे मिळून राहतात आणि माजाच्या दिवसांत कळपात येतात. तेव्हा एकटा दिसला म्हणून तो निरुपयोगी झाला, असे ठरत नाही.

तिसरी पायरी, शिंग. आणि येथे मला बांची मदत झाली.

मी वाचून दाखवत होतो की तरुण गव्याचे शिंग गुळगुळीत, पिवळसर-हिरवट आणि टोकाशी काळे, धारदार असते. वय वाढेल तसे बूड जाड होते, त्यावर खडबडीत कडी उठतात आणि टोके झिजतात. बा विडी विझवून म्हणाले, "मंग यात नवीन काय हाय? गायीचं बी असंच असते. शिंग बुडातून वाढते, शेंड्यातून नाही."

हे एवढे एक वाक्य समजायला मला पुस्तकाची चार पाने वाचावी लागली होती. सांबर-चितळाची शिंगे दर वर्षी गळतात आणि नवी येतात. गाय, बैल, म्हैस, गवा यांचे शिंग कधी गळत नाही. आत हाडाचा गाभा आणि वरून नखासारख्या पदार्थाची खोळ असते. ही खोळ बुडाशी वाढत राहते. म्हणून शिंगाचे टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग होय. जनावर जन्मभर त्याच टोकाने माती उकरते, झाडावर घासते, झुंजते. टोक झिजते, कधी तुटते. परिणामी म्हाताऱ्या गव्याचे शिंग बुडाशी जाड असूनही लांबीत भरातल्या गव्यापेक्षा कमी भरू शकते.

येथे एक पेच उभा राहतो. लांबी आणि धारदार टोके यांनाच जास्त महत्त्व दिले, तर फीत भरातल्या नराच्या बाजूने कौल देईल. घेर आणि खडबडीतपणा यांना महत्त्व दिले, तर म्हाताऱ्याच्या बाजूने. अमेरिकेतील बून अँड क्रॉकेट क्लब ही १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली संस्था. तेथे बायसनच्या शिंगाची लांबी एकदा मोजतात, पण घेर चार ठिकाणी मोजतात: बुडाशी आणि पुढे लांबीच्या प्रत्येक चतुर्थांशावर. साऱ्याची बेरीज करून डाव्या-उजव्या शिंगातला फरक वजा करतात. त्यामुळे जाड पण बोथट शिंगही मागे पडत नाही. म्हणजे 'उत्तम' काय हे निसर्ग ठरवत नाही; मोजण्याची रीत ठरवते. परीक्षेच्या गुणांविषयीही असे म्हणता येईल, पण तो विषय येथे नको.

बांना मी विचारले, बाजारात बैल घेताना तुम्ही शिंग पाहता का? ते म्हणाले, "पाह्यतो. पन शिंगावर भाव नाही करत. हेडे लोक शिंग साळून कडी घासून टाकते, वरून रंग लावते. म्हतारा बैल जवान दिसते. दात लबाड बोलत नाही."

वाचकांपैकी जे शहरातले आहेत त्यांच्यासाठी सांगतो. बैलाच्या खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात. दुधाचे दात पडून त्यांच्या जागी कायमचे दात जोडी-जोडीने येतात. एकही आला नाही तोवर आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि आठही आले की जुळलेला. दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास पहिली जोडी येते आणि पाचव्या वर्षाच्या आगेमागे बैल जुळतो. शिंगे साळण्याची रीत पोळ्याला सर्वत्र आहे, त्यात लबाडी नाही. पण तीच कला बाजारात फसवणुकीला उपयोगी पडते. गव्याच्या तोंडात हात घालून दात पाहायची सोय नसते. म्हणून शिकाऱ्याला रंग, बांधा आणि शिंग या तीन साक्षींवरच निकाल द्यावा लागे, आणि तो निकाल चुकला तर फिरवता येत नसे.

हे सारे शिकारी क्रूर होते, असे मी म्हणणार नाही. मध्य प्रांतातील वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचे १९२३ सालचे पुस्तक वाचताना जाणवते, की या माणसांनी जंगल फार बारकाईने पाहिले होते. त्यांच्यातील समंजसांचा नियम असा होता, की कळपातली मादी आणि वाढता नर सोडावा, आणि ज्याचे दिवस भरत आले आहेत असा म्हातारा तेवढा टिपावा. हा नियम ऐकायला बरा वाटतो. मी तो बांना सांगितला.

त्यावर बांनी मोबाईलवरचा बंगल्यातल्या मुंडक्याचा फोटो मागून घेतला. फोटो मोठा करून, चष्मा वर-खाली करून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "हा काही म्हतारा नव्हता, बाबू. शेंडे पाह्य, सुयीसारखे हायेत. बुडाले कडी बी कमीच दिसून राह्यली. भरातला व्हता हा."

मी फोटो पुन्हा पाहिला. पुस्तकातली लक्षणे एकेक करून लावली. शिंगाची टोके शाबूत, बूड बऱ्यापैकी गुळगुळीत, फाक मोठी. बांनी आयुष्यात जिवंत गवा पाहिलेला नाही, पण पुस्तक त्यांच्याच बाजूने बोलत होते. 'फार उत्तम नमुना' म्हणून ज्याची वाखाणणी झाली, तो म्हातारा नव्हता. नियम होता म्हाताऱ्याला मारण्याचा, आणि भिंतीवर लागला होता तो भरातला. कारण फितीला तोच आवडत होता.

मग बा म्हणाले, "चांगलं वळू कोनी मारते का? मंग पुढची औलाद कायची होईन?"

वळू म्हणजे पैदाशीसाठी राखलेला नर. माझ्या मते या विषयातली मुख्य गोष्ट बांनी या दोन वाक्यांत सांगितली. गोपालक उत्तम जनावर निवडतो ते राखण्यासाठी. ट्रॉफीचा शिकारी उत्तम जनावर निवडतो ते काढून टाकण्यासाठी. पारख तीच, डोळा तोच, परंतु परिणाम नेमका उलटा. हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात रॅम माउंटन नावाच्या डोंगरावरील रानमेंढ्यांचा अभ्यासकांनी सुमारे तीस वर्षे मागोवा घेतला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, मोठ्या शिंगांचे नर वेचून मारले गेल्याने पुढच्या पिढ्यांतील नरांची शिंगे आणि वजन घटत गेले होते. मोठ्या शिंगाच्या नराला संतती वाढवायला वेळ मिळण्याआधीच तो भिंतीवर जात होता.

आपल्या देशात हा प्रश्न कायद्याने मिटवला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गव्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. त्याची शिकार करणाऱ्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे आणि प्रमाणपत्राशिवाय त्याची शिंगे बाळगणे हाही गुन्हा आहे. १९७३-७४ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. तेथील गव्यांनाही त्याचा आसरा मिळाला. कोल्हापूर संस्थानाचे दाजीपूरचे राखीव शिकारक्षेत्र १९५८ सालीच अभयारण्य झाले होते आणि पुढे बराच काळ 'गवा अभयारण्य' म्हणूनच ओळखले गेले. जेथे राजेलोक गवा मारायला जात, तेथे आज लोक तो पाहायला जातात. तरीही जगभरातील गव्यांची स्थिती सुरक्षित नाही. जागतिक यादीत १९८६ पासून त्याची गणना संकटाच्या छायेतील प्राण्यांत होते.

मग बंदूक गेली तशी ही पारखही गेली तर काय बिघडले, असे कोणी विचारील. मला वाटते, बिघडते. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला. त्याला पाहायला गर्दी लोटली. लोक मोबाईल घेऊन मागे धावले. भेदरलेले ते जनावर तासन्‌तास गल्ल्यांतून पळत राहिले, जखमी झाले आणि पकडल्यानंतर मेले. त्याच महिन्यात बावधनला दुसरा गवा दिसला, तेव्हा मात्र सावधपणे त्याला पुन्हा जंगलाकडे जाऊ देण्यात आले. पहिल्या गर्दीत बंदूक कोणाकडेच नव्हती. होती ती फक्त 'मी पाहिला' हे दाखवण्याची घाई. ग्रीकांच्या त्या खुणेचाच हा नवा अवतार नव्हे काय? जनावराचा श्वास कसा चालला आहे, कान कोठे वळले आहेत, ते घाबरले आहे की बिथरले आहे, हे ओळखणारा एक डोळा त्या गर्दीत असता आणि त्याचे कोणी ऐकले असते, तर कदाचित तो गवा वाचला असता.

म्हणून पारख राहिली पाहिजे. आज जंगलात गणना करणारे वनरक्षक नर-मादी, तरुण-म्हातारा हे याच खुणांवरून ओळखतात. कळपात वासरे किती, भरातले नर किती, यावरून कळप वाढतो आहे की खंगतो आहे हे कळते. साहेबाची विद्या टाकून देण्याचे कारण नाही; तिच्या शेवटी असलेला चाप तेवढा काढून टाकायचा आहे.

शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेख पूर्ण होणार नाही. बांनी वळूविषयी ते वाक्य उच्चारले आणि नंतर ते गप्प झाले. मीही गप्प झालो. आमच्या गावठी गायीला एक गोऱ्हा होता. अंगाने भरदार, पायाने सरळ. बा त्याला वळू म्हणून राखणार होते; गावातल्या दोघा-तिघांनी तसे बोलूनही ठेवले होते. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वर्षी सोयाबीन हातचे गेले. गोठ्यात विकण्याजोगे तेच एक जनावर होते. चार दाती झालेला तो गोऱ्हा बांनी बाजारात नेला. मी विचारले होते, की म्हातारा बैल का नाही विकत? तेव्हा ते म्हणाले होते, "म्हताऱ्याले कोन घेते? पैसा चांगल्याचाच येते."

चांगले तेच आधी का जाते, याचे उत्तर मी इंग्रजी पुस्तकांत शोधत होतो आणि ते आमच्या रिकाम्या दाव्यापाशी होते. साहेबाला हौस होती, आम्हाला गरज होती. हौस कायद्याने थांबवता आली. गरज तशी थांबत नाही.

आमची गाय आता पुन्हा गाभण आहे. गोऱ्हा झाला तर तो विकायचा नाही, असे मी बांना सांगितले आहे. ते हसून म्हणाले, "पह्यले पाह्य तर खरं, निंघते कसा."